पुसताना कळतं का, एवढं विचारा! कॅन्सर पेशंटची कंबर तपासणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

डॉक्टर मंडळी, नमस्कार.

डॉक्टर मंडळी म्हणजे ऑर्थोवाले, जनरल फिजिशियन, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे रेसिडेंट, कॅन्सरवाले तर आहेतच, आणि सिस्टर आणि फिजिओ पण, कारण बऱ्याचदा पेशंट खरं काय ते तुमच्यापाशीच बोलतो. मी डॉक्टर नाही. आईसोबत दीड वर्षं जेवढ्या ओपीडीत बसलो, जेवढं वाचलं, जेवढं तुमच्यातल्याच चांगल्या लोकांना विचारून विचारून समजून घेतलं, तेवढ्यावर हे लिहितोय. विषय एकच: कॅन्सर मणक्यात जाऊन कमरेखालच्या, लघवी-संडास सांभाळणाऱ्या नसा चेपतो तेव्हा ते वेळेत ओळखणं, आणि संडासनंतर पुसताना तिथे कळतं का, हा त्यासाठीचा प्रश्न. कुणाची उणीदुणी काढायला लिहीत नाहीये. राग थोडा आहे, तो मधेमधे दिसेल, सांभाळून घ्या.

आईला सात वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, मग पाच वर्षं रोज हॉर्मोनची गोळी, सगळं शिस्तीत पार पडलं. फॉलोअपला गेलं की "छान आहे, या सहा महिन्यांनी" असं ऐकायची सवय लागलेली. त्यानंतर कंबर दुखायला लागली. वय सत्तरीचं, कंबर दुखणारच, असं आम्हीही धरून चाललो. पण एक गोष्ट विचित्र होती जी आज आठवली तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आडवं पडलं की दुखणं वाढायचं. साध्या कंबरदुखीच्या माणसाला आडवं पडलं की बरं वाटतं ना, हिचं उलटं, त्यामुळे ती रात्री खुर्चीत बसून झोपायला लागली. खोकला आला की हात घट्ट धरायची कशाला तरी. आम्ही काय केलं, तर खुर्चीला उशी लावून दिली.

पहिल्या डॉक्टरांनी पेनकिलर दिली. दुसऱ्यांनी एक्स-रे काढला, "वयोमानाने झीज आहे, पट्टा वापरा, फिजिओ करा" म्हणाले. मी सांगितलं होतं की आधी ब्रेस्ट कॅन्सर झालाय. त्यावर उत्तर मिळालं, "तो बरा झाला ना?" आणि मी "हो" म्हणालो. हॉर्मोनवर पोसला जाणारा ब्रेस्ट कॅन्सर दहा-दहा वर्षांनी सुद्धा हाडात परत डोकं काढू शकतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मला माहीत असायचं कारण पण नव्हतं. आणि एक्स-रेचं म्हणाल तर मणक्याचं हाड साधारण ३० ते ५० टक्के खाल्लं जाईपर्यंत साध्या एक्स-रेत धड काही दिसतच नाही. म्हणजे "एक्स-रे नॉर्मल आहे" हे वाक्य कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला धीर द्यायला वापरू नका, प्लीज.

आता मुद्द्यावर येतो. दोन्ही डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला होता, बरं का. "लघवी, संडास नीट होते ना?" असं कागदावर लिहिता लिहिता विचारलं. आई म्हणाली "हो". शेजारी मी उभा, दाराशी पुढचा पेशंट फाईल घेऊन उभा, आईने आयुष्यात माझ्यासमोर हा शब्द उच्चारलेला नाही, ती काय सांगणार होती? कागदावर "लघवी, संडास नॉर्मल" असं लिहिलं गेलं आणि ते पुढे प्रत्येक फाईलमध्ये तसंच उतरवलं गेलं, कारण एकदा लिहिलं की परत कोण विचारतो.

कळलं कसं, तर गरम पाण्याच्या पिशवीमुळे. कंबर शेकायला ती पिशवी घेऊन बसायची. एक दिवस माझ्या बायकोने तिला आंघोळीला मदत केली तेव्हा मागच्या बाजूला, बसतो त्या जागेवर, एवढा मोठा फोड दिसला. भाजल्याचा. आईला पत्ताच नव्हता. बायकोने बोट लावून विचारलं इथे कळतं का, तर आई म्हणाली, "तिथे गेले दहा दिवस काही कळतच नाही गं, पुसलं तरी कळत नाही, म्हटलं बसून बसून बधिर झालं असेल." दहा दिवस! आणि त्या दहा दिवसांत आम्ही फिजिओला चार वेळा जाऊन आलो होतो.

त्या रात्री कॅज्युअल्टीत गेलो, तेव्हा तिथल्या रेसिडेंट मुलीने (वय असेल पंचवीस-सव्वीस) सगळ्यात आधी पोटावर हात ठेवला आणि कॅथेटर मागवला. अकराशे मिली लघवी निघाली. आई म्हणत होती "अगं पण मला होते की लघवी, कपड्यात पण होते कधीकधी". ती मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, टाकी भरून वाहतेय ती, सुटत नाहीये." हे वाक्य मी विसरणार नाही. लघवी गळणं आणि लघवी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घरच्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तर माझं मागणं काय आहे, तर प्रश्न बदला. "लघवी ठीक आहे ना" हा प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर "हो" असंच येतं. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर काढा, मुलगा असो नवरा असो, पडदा ओढा, आणि सरळ विचारा की पुसताना कळतं का. बसल्यावर उशीवर बसल्यासारखं वाटतं का. लघवी सुरू व्हायला वाट बघावी लागते का, जोर करावा लागतो का, होत असताना कळतं का की नुसता आवाज ऐकू येतो. गॅस आहे का संडास आहे हा फरक कळतो का. आणि संबंधांबद्दल पण विचारा, वय बघून गाळू नका, तिथली संवेदना गेली असेल तर ते पण याच नसांचं काम आहे आणि माणूस ते आपणहून मेला तरी सांगत नाही. मग टाचणी किंवा कापूस घेऊन त्या जागेची संवेदना तपासा. आणि लघवी करून आल्यावर ब्लॅडरमध्ये किती उरते ते सोनोग्राफीवर बघा, दुखत नाही खुपत नाही, पाच मिनिटांचं काम. दोनशे मिलीच्या वर उरत असेल तर संशय घ्यायलाच हवा.

अजून एक गोष्ट, ही मला फार उशिरा समजली. दुखण्यासाठी आईला एक रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन दिली होती आणि ट्रॅमाडॉल दिली होती. पहिलीने लघवी अडते, दुसरीने संडास अडते. दोन्ही गोष्टी आईला होत होत्याच, आणि मी फोनवर विचारलं तर कुणीतरी सांगितलं "गोळ्यांनी होतं, पाणी जास्त पाजा". खोटं नाही ते, गोळ्यांनी होतंच. पण कॅन्सर होऊन गेलेला माणूस, आडवं पडल्यावर वाढणारी कंबरदुखी आणि लघवी अडणं या तीन गोष्टी एका माणसात असल्या तर आधी मणका बघायचा आणि मग गोळीला नाव ठेवायचं. उलटं केलं की दहा दिवस जातात.

आता जरा शरीराचं, कारण मला हे समजल्यावर बाकी सगळ्याचा अर्थ लागला आणि घरच्या लोकांना हे कुणी समजावून सांगत नाही. मज्जारज्जू मणक्याच्या टोकापर्यंत खाली येत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि तिथून खाली नुसत्या नसांचा झुपका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, म्हणून त्याचं लॅटिन नावच कॉडा इक्वायना, घोड्याची शेपूट. यातल्या बाजूच्या नसा पायाकडे जातात आणि सगळ्यात खालच्या, लघवी-संडास सांभाळणाऱ्या, त्या झुपक्याच्या मधोमध असतात. म्हणून माणूस चालत चालत ओपीडीत येऊ शकतो आणि तरी त्याच्या मधल्या नसा चेपलेल्या असू शकतात. "चालतंय ना पेशंट, मग काय" हे त्यामुळे चालत नाही.

आणि कॅन्सर "मणक्यात गेला" हे एकच वाक्य तुम्ही सगळ्यांना सांगता, पण त्यात निदान तीन वेगळ्या भानगडी आहेत आणि तिन्हींची ट्रीटमेंट वेगळी. आईचं होतं ते सगळ्यात जास्त दिसणारं: मणक्याच्या हाडात गाठ वाढली, हाड खचलं, गाठ मागे सरकून नसांच्या झुपक्यावर बसली. ब्रेस्ट, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी, मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर), यांचं हे नेहमीचं. दुसरा प्रकार ओटीपोटातला, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर मणक्यात न शिरता बाहेरच्या बाजूला, पायाकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यात घुसतो. तिथे बहुतेक वेळा आधी एकाच पायात जीवघेणं दुखणं सुरू होतं आणि पायातली ताकद नंतर कमी होते. शेजारच्या बेडवरच्या काकूंचं हेच होतं, त्यांच्या कमरेचा एमआरआय दोनदा नॉर्मल आला आणि दोनदा त्यांना "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवलं होतं. कमरेच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ते जाळं धड येतच नाही हो, पेल्व्हिसचा, म्हणजे ओटीपोटाचा, एमआरआय लागतो. आणि ज्यांना पूर्वी ओटीपोटावर रेडिएशन झालंय त्यांचं अजून अवघड, कारण काही वर्षांनी रेडिएशननेच नसा खराब होऊ शकतात. ढोबळमानाने कॅन्सरचं दुखतं आधी आणि खूप, रेडिएशनवाल्यात बऱ्याचदा दुखणं कमी आणि पाय हळूहळू लुळा पडत जातो, नसांच्या ईएमजी तपासणीत पण फरक दिसतो. हा फरक महत्त्वाचा कारण एकात गाठ मारायची असते आणि दुसऱ्यात मारायला काही नसतंच.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, पाण्यातून पसरणारा. मेंदू आणि नसांच्या भोवती जे पाणी असतं त्यात पेशी सुटतात आणि खाली झुपक्यावर बसतात, गाळ बसावा तशा. यात लक्षणं विखुरलेली असतात, एक पाय जड, हनुवटी बधिर, डोकेदुखी, लघवीचा त्रास, एका जागेवर बोट ठेवताच येत नाही. पाठीतून पाणी काढून तपासतात, पण पहिल्या वेळी जवळपास निम्म्या लोकांतच पेशी सापडतात, दुसऱ्यांदा काढलं की प्रमाण बरंच वाढतं. म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि शंका पक्की असेल तर पेशंटला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की परत काढावं लागेल, नाहीतर दुसऱ्यांदा सुई म्हटलं की माणसं उठून जातात. औषध मग थेट त्या पाण्यात सोडतात, मेथोट्रेक्सेट वगैरे, पाठीतून किंवा डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून. ती ओमाया डबी आजच्या पाकिस्तानात जन्मलेल्या अयूब ओमाया नावाच्या न्यूरोसर्जनने १९६३ साली आणली, आणि आजही त्याच नावाने वापरतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ठरावीक म्युटेशन (जनुकातला बदल) असेल तर ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्या त्या पाण्यापर्यंत पोचतात, काही ठिकाणी मेंदूला आणि सगळ्या मणक्याला प्रोटॉन रेडिएशन देतात. यात बरं होणं नसतं, पण काही महिने चांगले जाणं असतं, आणि ज्याच्या घरात हे चाललंय त्याला त्या महिन्यांची किंमत माहीत असते.

आईकडे परत येतो. तिचा एमआरआय त्या रात्री झाला, आणि त्या रेसिडेंट मुलीने हट्ट करून पूर्ण मणक्याचा करून घेतला. टेक्निशियन म्हणत होता फॉर्मवर नुसती कंबर लिहिलीये. पूर्ण केला म्हणून वर छातीमागच्या एका मणक्यात पण गाठ सापडली, जी अजून काही त्रास देत नव्हती. नंतर वाचलं की अशा पेशंटमध्ये साधारण तिघांत एकाला एकापेक्षा जास्त ठिकाणी असतं. म्हणजे तिने हट्ट केला नसता तर दोन महिन्यांनी परत तीच वरात.

मग स्टेरॉइड. डेक्सामेथासोन दिवसाला १६ मिलिग्रॅम, सूज उतरून नसांवरचा दाब कमी व्हावा म्हणून. पहिलं इंजेक्शन जरा भरकन गेलं असावं, कारण आई एकदम दचकून ओरडली, "अगं आग आग होतेय", आणि नेमकी कुठे तर तिथेच खाली. हे या इंजेक्शनचं माहीत असलेलं प्रकरण आहे, सावकाश दिलं की होत नाही. पण मला मात्र त्या क्षणी आनंद झाला, म्हटलं चला, म्हणजे थोडंफार कळतंय अजून! पुढचे आठ दिवस स्टेरॉइडमुळे आईला झोप नाही, रात्री तीन वाजता बेडवर बसून सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चौकोनी घड्या घालून ठेवल्या, साखर तीनशेवर गेली, तोंडात पांढरं आलं. हे सगळं होतं आणि होणार, आधी सांगितलं असतं तर आम्ही घाबरलो नसतो. आणि डोस हळूहळू उतरवायचा असतो, तो कागद घरी देताना मोठ्या अक्षरात द्या. कारण जास्त दिवस चालू राहिलं तर मांड्यांची ताकद जाते, खुर्चीतून उठता येत नाही, आणि घरचे समजतात कॅन्सर वाढला. (हां, आणि अजून निदानच झालेलं नसेल आणि लिम्फोमाची (लसीका गाठींच्या कॅन्सरची) शंका असेल तर बायोप्सीआधी स्टेरॉइड दिल्याने तुकडा वाचता येत नाही असं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे, मला नव्याने कळलं म्हणून लिहिलं.)

ऑपरेशन करायचं की रेडिएशन, यावर दोन दिवस चर्चा झाली, आणि त्या चर्चेत आम्हाला कुणी घेतलं नाही. मग मीच वाचत बसलो. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला एक अभ्यास सगळे सांगतात: १०१ पेशंट, निम्म्यांना ऑपरेशन करून रेडिएशन, निम्म्यांना नुसतं रेडिएशन. ऑपरेशनवाल्यांत ८४ टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशनमध्ये ५७. ते वाचून मी ऑपरेशनसाठी हटून बसलो होतो. मग एका सर्जननी खुर्ची ओढून बसून सांगितलं की त्या अभ्यासात फक्त खालच्या नसांवर दाब असलेले पेशंट घेतलेच नव्हते, आणि रेडिएशनला पटकन विरघळणाऱ्या गाठी पण नव्हत्या. खालच्या नसा मज्जारज्जूपेक्षा जरा चिवट असतात, आईचा मणका खचला होता पण हलत नव्हता, बाकी हाडांत पण होतं, वय सत्तर. हाड ढिलं असतं, म्हणजे उठताबसता कळ मारत असती, तर त्यांनी नक्की खिळे टाकले असते म्हणाले. त्या दहा मिनिटांत मला जे समजलं ते दोन दिवस कॉरिडॉरमध्ये उभं राहून समजलं नव्हतं. तेव्हा खुर्ची ओढून बसत जा, एवढंच.

रेडिएशनचं पण असंच. आईला पाच दिवसांत पाच वेळा दिलं, एकूण २० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप). काकूंच्या समोरच्या एका आजोबांना एकदाच ८ ग्रे देऊन घरी पाठवलं, आणि त्यांचा मुलगा जिन्यात रडत होता की आमच्या बाबांना यांनी सोडून दिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की याच तुलनेवर ६८६ पेशंटचा अभ्यास झालाय, २०१९ साली छापून आलाय, त्यात आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचं प्रमाण एका डोसमध्ये साधारण ६९ टक्के आणि पाच डोसमध्ये ७३ टक्के होतं. काटेकोर गणितात एक डोस अगदी बरोबरीचा ठरला नाही, पण फरक थोडका, आणि ज्याच्याकडे दिवस कमी आहेत त्याचे चार हेलपाटे वाचतात. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. न सांगितल्यामुळे एका माणसाला जन्मभर वाटत राहील की बापाला सोडून दिलं.

दुखणं. नसेचं दुखणं वेगळं असतं, आई म्हणायची "पायात करंट सोडल्यासारखं, आणि मधेच कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय". नुसत्या मॉर्फीनने ते पूर्ण जात नव्हतं, गॅबापेन्टिन थोडी थोडी वाढवत नेली तेव्हा रात्री झोप लागली. मॉर्फीनचं नाव काढलं की घरात सगळे गप्प झाले, शेवट आला की काय म्हणून. पेन अँड पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या, मॅडम आल्या आणि त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं तर "मी आले म्हणजे ट्रीटमेंट बंद झाली असं नाही". बहुतेक रोज म्हणावं लागत असेल त्यांना. त्यांना पहिल्या दिवशी बोलवा की हो, शेवटच्या दिवशी कशाला? आणि मॉर्फीन लिहिली की त्याच कागदावर पोट साफ व्हायची गोळी पण लिहा, ज्याच्या खालच्या नसा आधीच गेल्यात त्याचं पोट आपोआप साफ होणार नाही.

आता काय परिस्थिती आहे, तर आई वॉकर घेऊन चालते. पाय टिकले, कारण उपचार सुरू झाले तेव्हा ती चालत होती. चालत असताना उपचार मिळाले तर बहुतेकांचं चालणं टिकतं, पाय पूर्ण गेल्यावर थोड्यांचंच परत येतं, हे मला तिथल्या प्रत्येकाने सांगितलं. हाडांसाठी इंजेक्शन चालू आहे, त्याआधी दात तपासून घेतले कारण त्याने जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. कॅन्सरची गोळी बदलली, ती लागू पडलीये. लघवी मात्र परत आली नाही. दिवसातून चार वेळा कॅथेटर घालून काढायची, आणि हे ती स्वतः करते, आरसा लावून, शिकवायला एका सिस्टरने तीन दुपारी घालवल्या. ते दहा दिवस वाचले असते तर हे पण वाचलं असतं का? मी विचारलं होतं. सर्जन म्हणाले, "सांगता येत नाही, पण शक्यता जास्त होती." खरं बोलले, त्याबद्दल आभार.

ऑन्कॉलॉजीवाल्यांना वेगळं सांगायचंय. फॉलोअपच्या फाईलमध्ये एक कार्ड टाका. खिशात मावेल एवढं. त्यावर लिहा की रात्री किंवा आडवं पडल्यावर वाढणारी पाठदुखी, पाय जड पडणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासात बदल, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका, आणि खाली एक फोन नंबर जो रात्री पण कुणीतरी उचलेल. इंग्लंडच्या नाईस या संस्थेने २००८ सालीच लिहून ठेवलंय की कॅन्सर पेशंटमध्ये नसांची लक्षणं दिसली तर २४ तासांत पूर्ण मणक्याचा एमआरआय, आणि नुसतं संशयास्पद दुखणं असेल तरी आठवड्याच्या आत. आईला सात वर्षांत फॉलोअपचे चौदा-पंधरा कागद मिळाले, सगळे जपून ठेवलेत, एकावर सुद्धा हे नाही. तिच्या पर्समध्ये ते कार्ड असतं तर ती मला काही बोलली नसती, पण तिने सुनेला दाखवलं असतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

आणि नातेवाइकांना एक, डॉक्टर बाहेर जा म्हणाले तर तोंड वाकडं करू नका. मागच्या महिन्यात आईला तपासणीला नेलं, नवीन डॉक्टर होते, पोरगेलेसे. आल्या आल्या मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" आणि सिस्टरना पडदा ओढायला सांगितलं. मी दाराबाहेर उभा. आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती, थांबतच नव्हती, मधेच एकदा हसली पण. वीस मिनिटांनी वॉकर ढकलत बाहेर आली आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळेपासून तू बाहेरच थांबत जा."

आपला,
एका पेशंटचा मुलगा